हौसाबाईंचा प्रश्न आणि आमचा भोंगा

अन्याय झाला हौसाबाई सानप यांच्यावर. राहणार पाथर्डी तालुक्यातली एक वाडी. केव्हा झाला? १९९७ च्या डिसेंबरात, काष्टीच्या बाजाराच्या शनिवारी, दुपारी सव्वातीन वाजता. कुणी केला? मामलेदारानं नाही, मुकादमानं नाही. मी केला. बैलबाजाराच्या कडेला लाकडी खोक्यावर उभं राहून, शंभरेक माणसांदेखत मी ओरडले, "मावशी, खाली बसा!" माझ्या पाठीमागं कापडी फलक होता. त्यावर निळ्या रंगात, माझ्याच हातानं रंगवलेलं होतं: 'प्रश्न विचारा!'

हौसाबाई माहेरीच राहतात, आडनावही माहेरचंच. त्या दिवशी त्या भावाला शोधायला आल्या होत्या. भाऊ बबन ऊसतोडीला आलेला, पण कोणत्या तळावर उतरलाय ते घरी ठाऊक नव्हतं. त्याची मुलगी मनीषा हिला नगरच्या एका दवाखान्यात परिचारिकेच्या वर्गात जागा मिळाली होती. अट एकच, वडिलांनी सोमवारपर्यंत स्वतः येऊन सही करायची. नाही आले तर जागा दुसरीला. आणि मग पुढच्या हंगामाला मनीषाच्या हातात कोयता. हे हौसाबाईंना माहीत होतं. मला नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायला माणूस निवृत्त तरी लागतो, नाहीतर मोठा तरी. मी दोन्ही नाही. सव्वीस वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षं एका विज्ञान प्रचार मंडळाची पूर्ण वेळ कार्यकर्ती आहे. संपादकांना तसं कळवलं. ते म्हणाले, "पत्रकं फार लिहिता. एकदा लेख लिहून बघा." बघते. पण हात पत्रकाचा आहे, आधीच सांगते.

पत्रकाचे आमचे नियम साधे. मथळा एसटीच्या खिडकीतून वाचता आला पाहिजे. वाक्य एका दमात संपलं पाहिजे. आणि शेवटी वाचकाला काहीतरी काम सांगितलं पाहिजे. नुसतं 'विचार करा' असं लिहिलं तर लोक पत्रकात भजी बांधतात. काम सांगितलं तरी बांधतात, पण आधी वाचतात.

आमचं काम म्हणजे गावोगाव जाऊन विज्ञान सांगायचं. सावली बघायची, वीज बघायची, त्या दिवशी गावात कुस्त्यांचा फड नाही ना ते बघायचं. कुस्त्या असतील तर न्यूटन आला तरी माणूस फिरकत नाही. साप, ग्रहण, अंगात येणं, पाणी गाळून पिणं हे आमचे नेहमीचे विषय. ते मला झोपेतही बोलता येत. शिव्या खायची सवय झाली होती, टाळ्यांचीही.

मग गाडेकर सरांनी विज्ञान मासिकाचा एक अंक वाचला.

गाडेकर सर आमचे संघटक. शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं परदेशी विज्ञान मासिक यायचं, तीन-चार महिने शिळं, कुणाच्या तरी घरून. त्यात क्वांटम संगणकाबद्दल लेख होता. सर सकाळी सकाळी कार्यालयात आले, चप्पल न काढताच म्हणाले, "अगं, पुण्याला कळायच्या आत हे काष्टीला कळलं पाहिजे!"

"सर, हे यंत्र आहे कुठं?"

"कुठं नाही. कागदावर आहे."

"म्हणजे जे यंत्र जगात नाही त्याचा प्रचार करायचा?"

"भुतं तरी कुठं आहेत? त्यांच्याबद्दल तीन वर्षं बोलतेयसच ना?"

मी पत्रक लिहायला बसले.

विषय असा होता. सोळा वाट्या पालथ्या घातल्या आहेत. एकीखाली चिंचोका आहे. कोणत्या वाटीखाली ते शोधायचं. तुम्ही-आम्ही एकेक वाटी उचलत जाणार. नशीब चांगलं तर पहिलीखाली सापडेल, वाईट तर शेवटपर्यंत उचलाव्या लागतील. साधा संगणक हेच करतो, फक्त भराभर. पण अमेरिकेत राहणाऱ्या एका आपल्या माणसानं वर्षभरापूर्वी गणितानं दाखवलं होतं की क्वांटम यंत्राला सोळा वाट्यांसाठी तीनदाच विचारावं लागेल. दहा हजार वाट्या असतील तर शंभरदासुद्धा नाही.

ते कसं, हे गावात कसं सांगायचं? यासाठी आम्ही जी युक्ती काढली तिचा मला अजून अभिमान आहे, जरी तिनंच माझं वाटोळं केलं. सोळा माणसं उभी करायची. प्रत्येकाच्या हातात काठी, काठीवर एक ते सोळा खुणा, आणि वरखाली सरकणारं लाल फडकं. सुरुवातीला सगळ्यांची फडकी चारवर. म्हणजे यंत्राला सगळ्यांवर सारखाच संशय. मग ज्याच्या खिशात चिंचोका असेल त्यानं काठी उलटी धरायची. वजा चार. आता सगळ्यांची सरासरी काढायची. ती येते साडेतीन. मग प्रत्येकानं आपलं फडकं सरासरीच्या जितकं वर असेल तितकं खाली न्यायचं, जितकं खाली असेल तितकं वर. बाकीचे चारवरून तीनवर येतात. चिंचोकेवाला खूप खाली होता म्हणून एकदम वर उडतो. अकरावर! पुन्हा उलटा, पुन्हा सरासरी, आता पंधरा. तिसऱ्या फेरीला जवळजवळ सोळा. बाकीचे तळाला. सापडला चोर.

चौथी फेरी मात्र करायची नाही. केली तर फडकं परत उतरायला लागतं. बायकांना हे मी पाकाच्या उदाहरणानं सांगायचे. वेळेवर उतरवला तर लाडू, नाहीतर दगड. बायका मान डोलवायच्या. पुरुष विचारायचे, "कोनचा पाक?"

आता कबुलीजबाब. सरासरी मी काढत नव्हते. साडेतीन, दोनच्या वर थोडं, आणि पाव भागाहून थोडं कमी, हे तीन आकडे मी आदल्या दिवशी कागदावर काढून तळहातावर लिहून आणायचे आणि भोंग्यावरून पुकारायचे. भोंग्यावरून पुकारलं की सोळाही जणांना एकाच क्षणी ऐकू जायचं. फडकी एकदम सरकायची. बघायला फार सुंदर दिसायचं. या भोंग्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. भोंगा म्हणजे भोंगा. खुर्चीबद्दल कुणाला काय वाटतं?

आठ पानांची पिवळी पुस्तिका काढली. मथळा माझा: 'हरवलेलं चटकन शोधून देणारं यंत्र!' आणि पान तीन, ओळ सात, हीसुद्धा माझीच: 'शोधायच्या जागा कशाही पसरलेल्या असोत, हे यंत्र सारख्याच वेगानं शोधतं.' हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचं पुढं काम आहे.

मथळ्यानं व्हायचं तेच झालं. राजूरला व्याख्यान संपल्यावर एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "शेळी हाय. करडी. एक शिंग मोडकं." मी म्हटलं, "बरं?" ते म्हणाले, "बरं काय? शोधा की." कर्जतला माझ्या वडिलांनी चष्मा शोधून मागितला. तो त्यांच्या कपाळावर होता, पण यंत्रानं सांगावं असा त्यांचा आग्रह होता. या गोष्टी मी पुढच्या गावात विनोद म्हणून सांगायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचं काहीतरी हरवलेलं असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तर काष्टी. बाजार तुडुंब. जागा मिळाली ती बैलबाजाराच्या कुंपणाला लागून, लांबलचक आणि अरुंद. त्यामुळं सोळा माणसं नेहमीसारखी गोल उभी करता आली नाहीत. एका ओळीत उभी केली, एकापासून दुसरा चांगला दहा पावलांवर, कारण मधे बैल. पहिला माझ्या खोक्याजवळ, सोळावी पार पलीकडं. सोळाव्या म्हणजे हौसाबाई. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, बगलेत कापडी पिशवी. हात वर करून स्वतःहून आल्या होत्या. चिंचोका त्यांच्याकडंच गेला.

पहिली फेरी झकास झाली. भोंग्यावरून "साडेतीन!" आणि पलीकडं हौसाबाईंचं फडकं अकरावर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी दुसरा आकडा पुकारायला तोंड उघडलं आणि भोंगा खर्र करून गप्प झाला.

भोंगा शब्बीरभाईंचा. जीप त्यांचीच, बॅटरी त्यांचीच. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"बॅटरी बसली, मॅडम."

"अशी कशी बसली?"

"सकाळपासून एकाचा बैल हरवलाय म्हणून पुकारत होतो ना."

"मग सापडला का?"

"सापडला. बॅटरी गेली."

म्हणजे हरवलेलं शोधून देणारं यंत्र त्या बाजारात आधीच येऊन काम करून गेलं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मी चिडले होते. म्हटलं, हरकत नाही, आकडा एकानं दुसऱ्याला सांगत जा. पहिल्याला सांगितलं. तो बैलामागून वळसा घालून दुसऱ्याकडं गेला. दुसऱ्यानं फडकं सरकवलं, मग तिसऱ्याकडं निघाला. वाटेत त्याला पाहुणा भेटला. तिसरा एका खोंडाचे दात बघण्यात गुंतला होता. पाचव्यानं विचारलं, "पर ह्यो आकडा कुनी काडला?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं सांगणार नाही म्हणाला. इकडं पहिला माणूस म्हणतोय, माझं झालं, पुढचा आकडा द्या. मी दिला! म्हणजे पहिला तिसऱ्या फेरीत, सातवा दुसरीत, आणि नवव्यापासून पुढं सगळे अजून पहिलीतच काठ्या धरून उभे. अकरावा काठी कुंपणाला टेकवून गेला, तो परत आलाच नाही. लोकांना मात्र यात पहिल्या फेरीपेक्षा जास्त मजा यायला लागली.

अर्धा तास गेला. हौसाबाईंपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. शेवटी त्या काठी घेऊन तशाच माझ्याकडं चालत आल्या. सोळाव्या जागेवरून खोक्यापर्यंत. आणि खाली उभं राहून म्हणाल्या,

"पोरी, एक इचारू?"

"विचारा की, मावशी." फलकाकडं बोट दाखवून म्हणाले मी. लोक हसले.

"भोंगा हुता तवर तुजा आकडा समद्यास्नी एकदम कळला. आता ह्याच्याकडनं त्याच्याकडं चाललाय. माज्याकडं यायला त्येला जेवढा येळ लागनार, तेवढ्या येळात मी चालत येऊन सोळाच्या सोळा वाट्या उचलल्या असत्या. मग हितं यंत्राचा फायदा काय?"

मी तळहाताकडं पाहिलं.

"आन दुसरं. आमची मानसं बैलामुळं लांब हुबी हाईत. गोल हुबी असती तर येगळं. मोकळ्या रानात पसरली असती तर त्ये आनिक येगळं. मानसं कशी हुबी हाईत, कुनाचा रस्ता कुनाकडं जातोय, ह्ये तुज्या पुस्तकात न्हाईच का?"

आता सांगते, हा प्रश्न किती मोठा होता ते मला तेव्हा कळलं नाही. एवढंच कळलं की लोक माझ्याकडं बघतायत आणि तळहातावरची शाई घामानं पुसलीये. सव्वातीन वाजले होते. मी ओरडले, "मावशी, खाली बसा! हे गणित आहे!"

"गनित हाय म्हनूनच इचारलं," हौसाबाई म्हणाल्या, आणि बसल्या. तिथंच, कडब्याच्या चिपाडांवर, काठी मांडीवर आडवी घेऊन. बाजार हसला. मी व्याख्यान गुंडाळलं.

सगळे गेले, त्या बसूनच. मी काठ्या गोळा करत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी पिशवीतून आमची पिवळी पुस्तिका काढली. घडीवर घडी घातलेली.

"मनीषानं वाचून दावलं. हरवलेलं चटकन शोधून देतं. म्हनून आले. आता माजा भाऊ शोधा."

मग सगळं सांगितलं. सही, सोमवार, नगरचा दवाखाना. बाजाराच्या दिवशी तोडीवाले किराणा भरायला येतात, तिथं कुणी ना कुणी भेटेल म्हणून त्या पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. आणि तोडीवाले परत फिरायची वेळ होती तीन-साडेतीनची. त्या वेळात हौसाबाई माझ्या रांगेत सोळाव्या जागी काठी धरून उभ्या होत्या. चिंचोका झाला की भावाची पाळी येईल म्हणून.

मला खाली बसावंसं वाटलं. बसले नाही, कारण शब्बीरभाई म्हणाले, "मॅडम, रडायचं नंतर. जीप आहे."

मी लगेच नकाशा आखला. कालव्याच्या कडेनं तोडीवाल्यांचे सात तळ आहेत असं एका दुकानदारानं सांगितलं. पहिल्यापासून सुरुवात करायची, एकेक तळ विचारत सातव्यापर्यंत जायचं. विज्ञाननिष्ठ, पद्धतशीर शोध! हौसाबाई ऐकत होत्या.

"म्हंजे वाट्या उचलनार."

"दुसरं काय करणार, मावशी?"

"समदा ऊस कुटं जातो?"

"कारखान्यात."

"कारखान्यात शिरताना?"

"काट्यावर. वजनाला."

"मग मी काट्यावर बसते. तू उचल वाट्या."

आणि खरंच तसं केलं. त्यांना कारखान्याच्या वजनकाट्यापाशी सोडलं आणि मी कालव्यानं निघाले. आता यात माझा हट्ट किती आणि तळमळ किती, ते विचारू नका. पहिल्या तळावर बबन नाही. दुसऱ्यावर एक बबन निघाला, पण तो सत्तरीचा. तिसरा तळ उठून गेलेला, नुसत्या चुली. चौथ्यावर कुत्री. पाचव्यावर बायकांनी मला कुटुंबनियोजनवाली समजून हाकलून दिलं. सहाव्याला जाताना जीप चिखलात रुतली. शब्बीरभाई खाली उतरले, चाकाकडं बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्या यंत्राला चाकं आहेत का?"

"नाहीत."

"मग चांगलं आहे. रुतणार तर नाही."

दिवस मावळायच्या सुमाराला काट्यावर परतलो, तेव्हा हौसाबाई एका बैलगाडीच्या जुवावर बसून चहा पीत होत्या. भोवती दहा-बारा गाडीवान.

"सापडला?" मी विचारलं.

"न्हाई. सापडंल."

त्यांनी काय केलं होतं? काट्यावर प्रत्येक गाडीला नंबर लागेपर्यंत थांबावंच लागतं. थांबलेल्या प्रत्येक गाडीवानाला त्यांनी एकच निरोप दिला: 'बबन सानप, मनीषाचा बाप, उद्याच्याला काट्यावर ये.' रिकामी गाडी परत आपापल्या तळावर जाते. म्हणजे निरोप एकाच वेळी सगळीकडं निघाला. उठून गेलेला तिसरा तळ कुठं गेला, हे मला सबंध दुपारभर कळलं नव्हतं. निरोपाला ते कळायची गरजच नव्हती. बैलांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता बबन सानप उसानं भरलेल्या गाडीवरून उतरला. तिसऱ्या तळाचाच निघाला. बहिणीला बघून त्याचं पहिलं वाक्य, "कोन मेलं?"

"कुनी न्हाई मेलं. सही करायचीय."

"सही? तेवढ्यासाटी आकरा मानसं माज्या मागं लावली? रातीपासनं ज्यो भेटंल त्यो म्हनतोय, तुजी भन बसलीय काट्यावर!"

सोमवारी नगरला सही झाली. सही म्हणजे अंगठाच, पण समोरच्या बाईंनी कुरकुर केली नाही. मनीषा आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मला म्हणाली, "ताई, तुम्ही आत्याला खाली बसवलं होतं म्हणे?" त्यांच्या वाडीवर माझी ओळख एवढीच आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मी संपादकांना नाही म्हटलं असतं.

त्या आठवड्यात मी पुण्याच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. हौसाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा, बैलांसकट, आणि पुढची काट्याची हकीकतही. पाठोपाठ आठवण म्हणून कार्डंही टाकली, तिसरं जरा कडक. मग उत्तर आलं. चार पानं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की शोधाचं ते गणित असं धरून चालतं की यंत्राचा प्रत्येक कोपरा दुसऱ्या प्रत्येक कोपऱ्याशी थेट जोडलेला आहे. म्हणजे भोंगा आहे. दहा हजार जागा एका ओळीत असतील आणि निरोप शेजाऱ्याकडूनच शेजाऱ्याकडं जाणार असेल, तर एका टोकाचं दुसऱ्या टोकाला कळायलाच दहा हजार पावलं. मग क्वांटम असो की आणखी काही, फायदा संपला. काष्टीच्या बाई बरोबर आहेत.

मोकळ्या रानाचं काय? शंभर ओळी, प्रत्येक ओळीत शंभर जागा. जागा त्याच दहा हजार, पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला दोनशेच पावलं. म्हणजे आशेला जागा आहे. पण दर फेरीला सगळ्यांचा निरोप गोळा करायचा तर शंभरेक पावलं, आणि फेऱ्या शंभराच्या आसपास. गुणाकार करा. पुन्हा दहा हजार! मात्र दर फेरीला सगळ्यांनी गोळा व्हायलाच हवं का, याहून हुशार रीत आहे का, 'हे मला ठाऊक नाही, आणि कुणी सोडवल्याचं माझ्या वाचनात नाही. काट्यासारखं मधलं एकच ठिकाण असेल तर त्याचा हिशेब आणखी निराळा, तोही कुणीतरी करायला हवा.' आणि शेवटी एक ओळ: 'प्रश्न कुणी विचारला ते कळवावे.'

मी कळवलं. नाव, गाव, तालुका.

यंदा पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. गाडेकर सरांनी मोठ्या मनानं प्रश्न त्यात घातला. मी दौऱ्यावरून परतले, कार्यालयातली एक प्रत उचलली आणि पान तीन उघडलं. सातवी ओळ, माझी चुकीची ओळ, जशीच्या तशी! आणि तिच्या खाली बारीक अक्षरात: 'याबाबत एका जिज्ञासू श्रोत्याने शंका उपस्थित केली होती.'

"सर, हे काय?"

"का? घातला ना प्रश्न?"

"नाव कुठंय?"

"अगं, पत्रकात आपण नावं घालत नाही."

"पान दोनवर अमेरिकेतल्या माणसाचं घातलंय."

"तो संशोधक आहे."

"आणि ह्या?"

सर चष्मा पुसायला लागले. वाईट माणूस नाही. माझ्याइतकाच चुकला. फरक एवढाच की मी ओरडून चुकले, ते छापून. मी म्हटलं, पुन्हा छापा. ते म्हणाले, हजार प्रती झाल्यात, वाटूनही झाल्या.

मी एक प्रत घेऊन वाडीवर गेले. हौसाबाई बाजरी पाखडत होत्या. मी पान तीन मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माफी मागायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वीच्या सव्वातीनचीही त्यातच उरकून घ्यावी असा विचार होता. त्यांनी सूप थांबवलं.

"माजं नाव न्हाई तर न्हाई, पोरी. त्येनं काय व्हतंय? पर उत्तर कुटंय?"

"कसलं उत्तर?"

"रानाचं. मानसं रानात हुबी असली तर तुजं यंत्र चालंल का न्हाई? दोन वर्सं झाली. प्रोफेसर काय करतोय?"

म्हणजे मी नावावरून भांडत होते आणि त्या अजून चिपाडांवर बसून उत्तराची वाट बघत होत्या.

तेव्हा आता वाचकांनो, काम. पिवळी पुस्तिका हजार घरांत गेली आहे, यातलं एक घर तुमचं असायची बरीच शक्यता आहे. ती काढा. भजी बांधून झाली असतील तरी तेलकट कागदावर बॉलपेन चालतं. पान तीन, ओळ सात खोडा. तिच्या जागी लिहा: 'शोधाचा वेग रस्ते कसे जोडलेत त्यावर ठरतो.' 'जिज्ञासू श्रोत्याने' खोडा, लिहा: 'हौसाबाई सानप यांनी काष्टीच्या बाजारात'. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात गणित शिकलेलं कुणी असेल त्यांनी शंभर ओळी, शंभर जागा असं रान कागदावर आखून त्याच्या पुढ्यात ठेवा, आणि उत्तर निघेपर्यंत त्याला जेवायला वाढू नका. निघालं की मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. मी चालत जाऊन वाडीवर पोचवीन. तिथं भोंगा नाही.

हे वाचून झाल्यावर करू, असं म्हणू नका. वाचून झालंच आहे. पेन शोधायला यंत्र लागत नाही. उठा.